चरबीची गाठ म्हणून उघडली, न काढता शिवली: त्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. दंडाच्या आतल्या बाजूची गाठ चरबीची आहे, वीस मिनिटांत काढू असं मी म्हणालो. मग चिरा देऊन गाठ न काढताच टाके घातले, एमआरआय करायला लावला आणि पुन्हा टेबलावर घेतलं. ‘डॉक्टरांना गाठच ओळखता येत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. तुमचे रिपोर्ट इथे उघड करणार नाही, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

चूक माझी आहे. कातडीखालची मऊ, सावकाश वाढणारी गाठ बहुतेक वेळा लायपोमाच, म्हणजे चरबीची साधी गाठच निघते, आणि त्याच सवयीने मी हात फिरवून मोकळा झालो. गाठीवर बोटाने टिचकी मारून करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात का, हे पाहिलं नाही. नसेवरची गाठ आडवी सरकते, नसेच्या दिशेने वर-खाली मात्र फारशी हलत नाही. तेही तपासलं नाही. सोनोग्राफीही आधीच सांगायला हवी होती.

पण थांबलो ते घाबरून नाही. लायपोमा पिवळाधमक, गोळ्यागोळ्यांचा दिसतो. इथे गुळगुळीत आवरणाची पांढुरकी गाठ होती आणि तिच्या दोन्ही टोकांना दोरीसारखी नस. नुसत्या लोकल भुलीवर, भिंगाशिवाय ती ओढून काढली असती तर बोटं पसरवण्याची ताकद गेली असती. उद्या असं पुन्हा दिसलं तरी टाकेच घालीन.

एमआरआय ‘कमिशनसाठी’ करायला लावला, हा तुमचा आरोप मात्र मान्य नाही. एमआरआयमध्ये फॅट सप्रेशन केलं, म्हणजे चरबीचा सिग्नल दाबला, की चरबी काळी पडते. श्वानोमा, म्हणजे नसेच्या आवरणपेशींची साधी गाठ, टी-२ या प्रकारच्या एमआरआय चित्रात उजळच राहते. श्वानोमा नसेच्या धाग्यांना बाजूला सारून वाढते, त्यामुळे बहुतेकदा धागे राखून सोलून काढता येते. न्यूरोफायब्रोमात, म्हणजे नसेच्याच दुसऱ्या प्रकारच्या गाठीत, धागे गाठीतच गुंतलेले असतात. दुसऱ्या वेळी पूर्ण भूल आणि मायक्रोस्कोप लागला तो यासाठी.

‘कॅन्सर लपवला का’ असंही विचारलंय. श्वानोमाचा कॅन्सर होणं अत्यंत दुर्मीळ आहे. बायोप्सीचा रिपोर्ट तुमच्याकडे आहे, त्यातली ओळ न् ओळ समजावून सांगतो. ऑपरेशननंतरचा करंगळीचा बधिरपणा बहुधा काही महिन्यांत ओसरेल. तरी एकदा दाखवून जा, ताकद मोजून ठेवू.

तासभर ताटकळत बसवलं, तेही खरं. पहिल्या वेळची फी परत करतोय, रिसेप्शनवर सांगून ठेवलंय.