वेळेवर उतरू इच्छिणाऱ्या प्रवाशांसाठी काही सूचना

रात्रीच्या विमानाने प्रवास करणाऱ्या सुजाण नागरिकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: आपण तिकिटाचे पैसे भरले त्या क्षणी वैमानिकाचा झोपेवरील हक्क संपुष्टात आलेला असतो. हे तत्त्व मला अलीकडेच दिल्लीच्या विमानतळावर शिकायला मिळाले. मुंबईला येणारे आमचे विमान धुक्यामुळे इतके रखडले की मध्यरात्र उलटून गेल्यावर वैमानिकांची ड्यूटीची मर्यादा भरली आणि त्यांनी उड्डाण करण्यास नकार दिला. तेव्हा रांगेतील एका सद्गृहस्थांनी काउंटरवर मूठ आपटून विचारले, ‘‘विमानात ऑटोपायलट असतो ना? मग ह्यांना झोप आली तर बिघडले कुठे?’’ या प्रश्नाला टाळ्या पडल्या. आपणही अशा प्रसंगी टाळ्या वाजवाव्यात आणि वैमानिक बाहेर पडत असताना त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरून चित्रीकरण करावे, म्हणजे पुढच्या खेपेस ‘मी थकलो आहे’ असे म्हणण्याची त्यांना लाज वाटेल.

काउंटरवरील मुलीवर मनसोक्त ओरडावे, कारण वैमानिकांच्या ड्यूटीचे वेळापत्रक, म्हणजे रोस्टर, तीच तयार करते.

विमान धावपट्टीला टेकता टेकता पुन्हा आकाशात झेपावले, म्हणजे वैमानिकांच्या भाषेत ‘गो-अराउंड’ झाले, तर तो त्यांचा नवशिकेपणा समजावा आणि सामान हाती येण्यापूर्वीच ‘मृत्यूच्या दाढेतून परतलो’ असे जगाला कळवून टाकावे. खरा कसबी वैमानिक तो, जो एकदा खाली आला की विमान उतरवूनच दाखवतो. याचा धडा आपल्याला २२ मे २०१० रोजी मंगळूरला मिळालेला आहे. दुबईहून रात्रभर उडत आलेल्या, तिथे अपघात झालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाच्या कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात पहिला एक तास चाळीस मिनिटे मुख्य वैमानिकाचे बोलणे नाही, अधूनमधून घोरण्याचा आवाज आहे. मंगळूरचे रडार बंद असल्यामुळे खाली येण्यास उशीर झालेला, विमान हवे त्यापेक्षा फार उंचावर राहिलेले, आणि ते सावरण्याची जबाबदारी नुकत्याच जाग्या झालेल्या, झोपेचा अंमल न उतरलेल्या माणसावर आलेली. विमान उतरण्याच्या ठरलेल्या मार्गावर स्थिरावले आहे का, असे टॉवरने विचारले, तेव्हा ते स्थिरावलेले नसतानाही मुख्य वैमानिकाने सहवैमानिकाला ‘होय’ असे उत्तर द्यायला लावले, आणि टॉवरने त्या शब्दावर विसंबून उतरण्याची परवानगी दिली. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो-अराउंड’ असे सांगितले. ८०३३ फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती सुमारे ५२०० फूट मागे पडल्यानंतर, आणि धावपट्टी संपल्यावर तिथे दरीच होती. १५८ माणसे गेली, आठ वाचली. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने हे सारे लिहून ठेवले आहे. ज्यांना वाचायचे होते त्यांनी ते वाचले असेलच, कारण दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळिकोडच्या तशाच डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर, त्याच कंपनीच्या विमानात, भर पावसात सहवैमानिकाने पुन्हा ‘गो-अराउंड’ म्हटले, पुन्हा कोणी ऐकले नाही, आणि विमान जवळजवळ अर्धी धावपट्टी ओलांडून टेकले. २१ जणांचे प्राण गेले. तेथील मुख्य वैमानिक वायुदलात वाढलेले, अत्यंत अनुभवी होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी कोळिकोडला परतण्याची ओढ त्यांना होती आणि त्या तळावर मुख्य वैमानिकांची वानवा होती, हेही चौकशी अहवालातच आहे. अनुभव होता, सूचनाही दिली गेली होती, आणि तरीही धावपट्टी अपुरी पडली.

तेव्हा सहवैमानिकांसाठी सूचना एवढीच की, वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवू नये.

महत्त्वाची माहिती वैमानिकांपर्यंत पोहोचवताना ती कागदांच्या गठ्ठ्यात नीट पुरावी. जुलै २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एक धावपट्टी बंद असल्याची सूचना सत्तावीस पानांतील आठव्या पानावर होती. एकोणीस तासांहून अधिक काळ जागा असलेला मुख्य वैमानिक मध्यरात्रीच्या सुमारास चार विमाने रांगेत उभी असलेल्या टॅक्सीमार्गालाच, म्हणजे धावपट्टीकडे जाण्याच्या वाटेलाच, धावपट्टी समजून खाली आला आणि जेमतेम साठ फुटांवरून वर गेला. गो-अराउंड! म्हणजे नवशिकाच म्हणायचा.

नियमांच्या बाबतीत आपले धोरण आदर्श आहे. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढवली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. लगेच ते नियम पुढे ढकलले गेले. वैमानिक न्यायालयात गेले, तेव्हा कुठे २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन हप्त्यांत ते लागू झाले. डिसेंबरात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीकडे वैमानिक कमी पडले, हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि ज्या कंपनीला तयारीसाठी जवळजवळ दोन वर्षे मिळाली होती, तिलाच रात्रीच्या नियमांतून फेब्रुवारीपर्यंत सवलत मिळाली. शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलाला अंगठे धरून उभे करतात. इथे त्याच्यासाठी परीक्षाच सोपी केली. आणि विमानतळावर आपण शिव्या कोणाला घातल्या? नव्या नियमांना. वैमानिकांना फार झोप लागते म्हणे!

आता उपरोध पुरे. थकलेल्या माणसाला आपण थकलो आहोत हेही नीट कळत नाही, म्हणूनच ही मर्यादा घड्याळावर ठरवलेली असते, आणि ती भरल्यावर थांबणारा वैमानिक कामचुकार नसतो. तुम्ही ज्याच्या अंगावर धावून जाता तो तुमच्याआधी, विमानाच्या नाकात बसून जमिनीवर येणार असतो. दोन तासांच्या उशिरापायी त्याला भरल्या विमानतळावर अपमानित करणाऱ्यांनी, आणि उभे राहून त्या तमाशाला टाळ्या देणाऱ्यांनीही, थोडी तरी शरम बाळगावी. ओरडायचेच असेल तर कंपनीच्या मुख्यालयात जाऊन ओरडा. इतक्या रात्रीच्या उड्डाणांमागे राखीव वैमानिक किती ठेवले होते, हे विचारा. थकवा कळवणाऱ्या वैमानिकाचे पुढे काय केले जाते, हे विचारा. आणि सवलतीच्या कागदावर सही करणाऱ्यांना विचारा की, ती सही करण्यापूर्वी त्यांनी मंगळूरचा अहवाल उघडला होता का.