पट भरावा कसा आणि टिकवावा किती

डेट्रॉईट शहरात चार्टर शाळा काढण्याचा आपला बेत पक्का झाला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी आणि तरीही शहराच्या शाळामंडळाला न जुमानणारी ही शाळा मिशिगन राज्याने १९९३ च्या कायद्याने शक्य केली. पुढे २०११ च्या अखेरीस, विद्यापीठांनी मंजूर करावयाच्या अशा शाळांच्या संख्येवरील मर्यादा उठवण्याचा निर्णय घेऊन आपल्यासारख्यांची उरलीसुरली अडचणही दूर केली. मंजुरी देणाऱ्या विद्यापीठाला शाळेच्या सरकारी अनुदानातील तीन टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेता येते, तेव्हा तेथे आपले स्वागत कोरडे होणार नाही. अडचण एवढीच, की १९५० साली साडेअठरा लाख वस्ती असलेल्या या शहरात २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखही माणसे भरली नाहीत. बाके फार आणि मुले थोडी, म्हणून हा सल्ला.

शाळेला वर्षभराचे वेळापत्रक लागते हा समज आधी सोडून द्यावा. ऑक्टोबरचा पहिला बुधवार हा मोजणीचा दिवस असतो, आणि अनुदान ठरवताना त्या दिवसाच्या पटाला नव्वद टक्के व फेब्रुवारीतल्या मोजणीला दहा टक्के वजन असते. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये पटपडताळणी झाली, तेव्हा एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावावी लागली, आणि लाखो मुले केवळ हजेरीपटावरच शिकत असल्याचे उघड झाले. मिशिगनमध्ये इतका ओबडधोबडपणा करण्याचे कारण नाही. येथील मूल खरेखुरे असते; ते नेमके त्या दिवशी आपल्याकडे असले म्हणजे झाले.

ते तसे असावे यासाठी लॅपटॉप, सायकलींची सोडत, फार काय रोख रक्कमसुद्धा देऊ करून शाळांनी पालक ओढल्याची उदाहरणे या शहरात आहेत, तेव्हा नुसत्या दप्तर-वह्यांवर भागेल असे समजू नये. मोजणीच्या दिवशी सकाळी पिझ्झाच्या खोक्यांची चळत मुलांना रस्त्यावरून दिसेल अशी दारातच रचावी. चुकीच्या रंगाचे मोजे घालून आलेल्या मुलाला, ज्याला एरवी आपण घरी पाठवले असते, त्या दिवशी नावाने हाक मारून आत घ्यावे. न आलेल्याच्या आईला नऊच्या आत फोन करावा. मुलाला ताप असल्याचे तिने रीतसर कळवले असेल, तर ते तीस दिवसांत हजर झाले तरी पटावर धरता येते. न कळवता घरी राहिलेल्यासाठी मात्र शाळेचे दहाच दिवस मिळतात. त्यामुळे आईशी बोलताना प्रकृतीची चौकशी अगत्याने करावी.

कोणते मूल घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत काढावी लागते आणि प्रवेशपरीक्षेला मनाई आहे. यावर खंत करू नये. चार्टर शाळेवर बस ठेवण्याची सक्ती नाही, आणि जगाला मोटारी पुरवलेल्या या शहरात मोटार नसलेली घरे पुष्कळ आहेत. जानेवारीच्या बर्फात दोन बस बदलून लेकराला पोचवणारी आई किती दिवस टिकेल, हा प्रश्न हवामानावर सोडावा. नकार देण्याचा वाईटपणा आपल्याकडे येत नाही. न्यूयॉर्कमध्ये एका नामांकित साखळीतील ब्रुकलिनच्या शाळेत मुख्याध्यापकांनी नकोशा सोळा मुलांची चक्क यादीच केली होती, ती २०१५ मध्ये वर्तमानपत्रात छापून आली. असले काम लेखी करू नये.

नोवाय किंवा ट्रॉयसारख्या उपनगरांतील आपल्या मराठी मंडळींकडे पत्रके घेऊन जाण्याचे श्रमही वाचवावेत. त्यांनी शाळेची निवड घर घेतानाच केलेली असते आणि तिची फी ते गृहकर्जाच्या हप्त्यांतून भरत असतात, पण त्याला कोणी फी म्हणत नाही.

राहता राहिला कुटुंबे टिकवण्याचा मुद्दा, आणि त्यावर फार शाई खर्च करण्याजोगे काही नाही. नोव्हेंबरात कोणी दाखला मागितला तर हसतमुखाने द्यावा. मोजणीनंतर गेलेल्या मुलामागचे काही पैसे नव्या शाळेकडे वळवण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु त्यासाठी त्या शाळेने रीतसर नोंद करावी लागते, आणि कागदपत्रांच्या बाबतीत शेजारी किती गाफील असतात हे आपल्याला ठाऊक असेलच. शिवाय ऑगस्ट फार दूर नसतो. तीच आई, तीच फाइल काखोटीला मारून आणि एक इयत्ता वाढलेले तेच मूल घेऊन पुन्हा आपल्या टेबलाशी उभी राहील. तिला सायकलीच्या सोडतीचे तिकीट द्यावे. अर्जातील ‘यापूर्वीची शाळा’ या रकान्यात एकाच ओळीची जागा असल्याचे तिने दाखवून दिले, तर उरलेल्या शाळांची नावे कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला सांगावे.