२४८च्या जागी ५३२ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली आणि मग इसवी सनाची मोजणी घालून देणाऱ्या डायोनिशियसवरचा माझा लेखही पुन्हा वाचून काढला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : इसवी सनाचा पहिला आकडाच चुकलेला आहे, तो ठरवणाऱ्याला शून्य ठाऊक नव्हतं, पोपने १५८२ साली ही मोजणी जगावर लादली, आणि तरी मी डायोनिशियसचं कौतुक केलं.

पहिला मुद्दा मान्य. मत्तयच्या शुभवर्तमानानुसार येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला, आणि बहुतेक इतिहासकार हेरोदाचा मृत्यू इ.स.पू. ४ मधला धरतात. म्हणजे किमान चार वर्षांची चूक आहेच. हिशेब कसा केला हे डायोनिशियसने लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली हे पकडता येत नाही.

पण तो सन सुरू करायला बसलाच नव्हता, आणि हे मी लेखात नीट मांडायला हवं होतं. इ.स. ५२५ मध्ये रोममध्ये राहणारा हा संन्यासी ईस्टर या ख्रिस्ती सणाच्या तारखांचं कोष्टक पुढे वाढवत होता. ईस्टर चंद्रावर ठरतो, म्हणून १९ वर्षांचं चक्र लागतं : तेवढ्या काळात २३५ चांद्रमास बसतात. आपल्याकडे एकोणिसाव्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख पुन्हा जुळते ना, तेच हे गणित. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या बिशप सिरिलच्या नावाने चालत आलेलं कोष्टक रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या २४७व्या वर्षी संपत होतं. या सम्राटाच्या कारकिर्दीपासून, म्हणजे इ.स. २८४ पासून, तिथे वर्षं मोजत. आणि त्यानेच ३०३ साली ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला होता. अशा छळणाऱ्याची आठवण आपल्या कोष्टकात ठेवायची नाही, असं डायोनिशियसने पत्रात स्पष्ट लिहिलं, आणि २४८च्या जागी येशूच्या जन्मापासून मोजलेला ५३२ हा आकडा घातला. मला हा माणूस आवडतो तो यासाठी. दर वर्षी सण काढताना कोणाचं नाव घ्यायचं, हा प्रश्न त्याला टोचला.

शून्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. त्याच्याच कोष्टकात, चंद्राचं वय सांगणाऱ्या रकान्यात, चक्राच्या पहिल्या वर्षी ‘नुल्ला’ म्हणजे ‘काही नाही’ असं लिहिलेलं आहे. आपल्यासारखं स्थानमूल्याचं शून्य त्याच्याकडे नव्हतं हे खरं. पण शून्य वर्ष नसण्याचं कारण ते नाही. प्रभूचं पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, अशी ती क्रमाने मोजणी आहे. १६७४ मध्ये राज्याभिषेक शक १ सुरू झाला, तिथेही शून्य कोणी शोधत नाही. शालिवाहन शकात आपण सहसा सरलेली वर्षं मोजतो, म्हणून तिथे शून्य बसतं. दोन्ही रीती आपल्याच घरात आहेत.

१५८२ बद्दल : पोप ग्रेगरीच्या सुधारणेने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला आणि लीप वर्षाचा नियम बदलला. वर्षाच्या आकड्याला हात लावला नाही.

पण याच ठिकाणी तुम्ही माझी खरी चूक पकडलीत. ‘ही मोजणी थोड्याच काळात युरोपभर रुजली’ हे माझं वाक्य चुकीचं आहे, आज दुरुस्त करतो. इंग्लंडमधल्या बीड नावाच्या संन्याशाने ७३१ साली पुरा केलेला आपला इतिहास या मोजणीवर रचला, तिथून ती हळूहळू पसरली. स्पेनमधल्या कॅस्टिलमध्ये ती १३८३ ला आली, पोर्तुगालमध्ये १४२२ ला. तोवर त्यांचा स्वतःचा, ३८ वर्षं पुढे असलेला सन चालू होता. रशियाने तर १७०० साली स्वीकारली. एका हुकुमाने लादलेली गोष्ट अशी हजार-बाराशे वर्षं घेत नाही.

आणखी एक, जे लेखात राहून गेलं. इजिप्तमधल्या कॉप्टिक चर्चने डायोक्लेशियनची मोजणी सोडलीच नाही, आजही तिथे वर्षं इ.स. २८४ पासूनच मोजतात. फक्त तिचं नाव त्यांनी बदललं : हुतात्म्यांचा शक.