रेगेन्सबुर्गच्या यात्रेचे छापचित्र ड्यूररचे नाही

जर्मनीतील रेगेन्सबुर्ग शहरात ‘सुंदर मेरी’च्या, म्हणजे येशूच्या आईच्या मूर्तीपुढे लोळण घेणाऱ्या यात्रेकरूंचे लाकडी ठशाचे छापचित्र जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचे असून रोगमुक्तीच्या चमत्कारांवरील त्याची श्रद्धा त्यात दिसते, असे सध्या सांगितले जाते. दोन्ही विधाने चुकीची आहेत. चित्र मिखाएल ओस्टेनडॉर्फर या जर्मन चित्रकाराचे, सुमारे १५२० मधले. उलट ड्यूररने १५२३ मध्ये आपल्याजवळच्या प्रतीवर स्वहस्ते निषेध नोंदवला की, धर्मग्रंथाविरुद्धचे यात्रेचे हे भूत बिशपने ऐहिक लाभासाठी चालू दिले आहे. १५१९ मध्ये ज्यूंना शहरातून हाकलून त्यांचे सिनॅगॉग (प्रार्थनास्थळ) पाडले जात असताना जबर जखमी झालेला एक गवंडी मेरीच्या कृपेने बरा झाला, असे पसरले आणि त्याच जागी मेरीचे लाकडी चॅपेल (छोटे प्रार्थनामंदिर) उभे राहिले. चित्रात मागे दिसणारी पडकी घरे त्याच ज्यू वस्तीची आहेत. माझ्या मते चित्रासोबत हे सांगितलेच पाहिजे.