‘नीट शिकवलं की लोक वापरतात’: एका प्रतिक्रियेला उत्तर

शेअर्ड डॉक्युमेंट (सगळ्यांना एकाच वेळी उघडता-बदलता येणारी ऑनलाइन फाइल), टीमचं चॅट अशी टूल्स ऑफिसांत का वापरली जात नाहीत, याचं कारण ऑफिसच्या संस्कृतीत आहे, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. मुद्दा एका वाक्याचा आहे: “टूल नीट शिकवलं की लोक वापरतात, ऑफिसची संस्कृती वगैरे आळशी मॅनेजरांची पळवाट.” उरलेली प्रतिक्रिया मी ‘बाहेरून ज्ञान पाजळतो’ हे सांगण्यात खर्ची पडली आहे. मतभेद जरूर असावेत, पण समोरच्याची लायकी काढायची एवढी घाई कशाला? ऑफिसांत ही टूल्स सुरू करून देणं आणि ती शिकवणं हाच माझा व्यवसाय आहे. प्रशिक्षणाचं महत्त्व मला कोणी समजावायला नको. लेखात त्यावर दोनच ओळी होत्या, तेवढं मान्य.

आता तुमचं वाक्य. शेअर्ड डॉक्युमेंटची लिंक देणं, कमेंट टाकणं, ‘सजेस्टिंग’ मोडमध्ये बदल सुचवणं हे तासाभरात शिकवून होतं. तरी माणूस मसुदा आपल्या कॉम्प्युटरवरच लिहितो आणि ‘फायनल_२’ नाव देऊन ईमेलला जोडतो. लिंक देता येत नाही म्हणून नव्हे! लिंक दिली तर अर्धवट वाक्यं साहेबांना दिसतील, शिवाय कोणती ओळ कोणी किती वाजता बदलली हे व्हर्जन हिस्टरीत राहील, म्हणून. जिथे कच्च्या मसुद्यावरून चारचौघांत झापतात, तिथे असं वागण्यात शहाणपणच आहे. त्यात साहेब प्रिंट काढून पेनाने दुरुस्त्या करणारे असले, तर त्या पुन्हा डॉक्युमेंटमध्ये चढवायला कनिष्ठच बसतो. त्याच्यासाठी टूल म्हणजे वाढीव काम.

चॅनेलचं, म्हणजे टीमच्या सामायिक चॅटचंही तेच. ‘एवढंही येत नाही?’ हे सगळ्यांसमोर ऐकायला नको म्हणून प्रश्न खासगी मेसेजमध्ये जातो, उत्तरही तिथेच गडप होतं आणि पुढच्या आठवड्यात दुसरा कोणी तोच प्रश्न विचारतो. यात शिकवायचं काय राहिलं, ते तुम्हीच सांगा.

हे माझ्या मनचं नाही. एका मोठ्या सल्लागार कंपनीत लोटस नोट्स हे ईमेल आणि सामायिक डेटाबेसचं सॉफ्टवेअर आलं, तेव्हाचा अभ्यास संशोधक वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी १९९२ मध्ये मांडला. प्रशिक्षण तोकडं होतं, हे त्यांनीही नोंदवलंय. पण बढती ज्याच्या-त्याच्या वैयक्तिक कामगिरीवर, वर गेला नाहीत तर बाहेर, अशा ठिकाणी आपलं कौशल्य सामायिक डेटाबेसमध्ये कोण ओतणार? टूल शिकण्यात गेलेले तास क्लायंटच्या बिलात लावता येत नव्हते, ती अडचण वेगळीच. ज्यांचं स्थान पक्कं होतं ते भागीदार त्या मानाने खुले होते. यातलं कोण आळशी होतं?

‘मग करायचं काय’ असंही विचारलंत. लेखात होतं, पुन्हा लिहितो. सुरुवात एका टीमपासून आणि एकाच कागदापासून करा. मीटिंगचा अजेंडा उत्तम. पहिला कच्चा मसुदा वरिष्ठाने स्वतः टाकायचा, चुकांसकट. अटॅचमेंट आली तर ती न उघडता लिंक मागायची. दुरुस्त्या फक्त कमेंटमध्ये, फोनवर एकही नाही. खासगीत आलेला प्रश्न नाव न घेता चॅनेलवर टाकून उत्तर तिथेच द्यायचं. वरिष्ठाने एकदा जरी जुन्या वाटेने फाइल स्वीकारली, की सगळे त्याच वाटेने परततात.

लेखाची लांबी, फॉन्ट वगैरेंवर बोलण्यात अर्थ नाही. पुन्हा लिहाल तेव्हा एवढंच सांगा: तुमच्या ऑफिसात प्रशिक्षण झाल्यावर साहेबांच्या दुरुस्त्या डॉक्युमेंटमध्ये येऊ लागल्या, की अजून फोनवरच येतात?