चाळीस दिवसांत सद्गुणी व्हा

ईस्टरआधीचा आमचा चाळीस दिवसांचा उपासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी चर्चमध्ये सकाळच्याच मिस्सेला, म्हणजे उपासनेला जा. संध्याकाळी गेलात तर कपाळावरचा राखेचा क्रूस बघणार कोण? घरची माणसं, आणि ती तुम्हाला चांगलीच ओळखून आहेत. सकाळी राख लागली की फोटो काढा, स्टेटसला टाका आणि दिवसभर तोंड धुऊ नका. त्या मिस्सेत दरवर्षी बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं तेच वाचन असतं: उपास कराल तेव्हा डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. वाचन आणि राख यांच्या मध्ये फादरांचं प्रवचन असतं. तेवढ्या वेळात विसरून होतं.

राख करतात ती गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून. गेल्या वर्षीचे संकल्पही त्यातच जळाले असं समजा, म्हणजे यंदा तेच पुन्हा करायला मोकळे.

आता संयम. अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसाने राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) एकदाच पोटभर जेवावं असा नियम आहे. एरवी लग्नाच्या फोटोत वय लपवणारी आमच्या वसईतली मंडळी या दोन दिवशी आपण साठी ओलांडल्याचं सगळ्यांना आठवणीने सांगतात. मांसवर्ज्य शुक्रवारी मटण-चिकनचं नाव काढायचं नाही. बाजारात जायचं, कोळणीपुढे उकिडवं बसायचं, पापलेटाचे कल्ले उघडून बघायचे, घासाघीस करायची आणि चिकनच्या कितीतरी पट पैसे मोजून त्याग घरी आणायचा. कालवण आणि तळलेल्या तुकड्या, दोन्ही करा. त्यागात कसर नको. जेवून ढेकर देताना ‘आज शुक्रवार ना, साधंच’ असं म्हणायला विसरू नका.

दारू सोडणाऱ्यांसाठी एक हिशेब. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारपर्यंत दिवस भरतात 46, पण चाळीसच धरायचे, कारण मधले सहा रविवार उपासात मोजत नाहीत. हा हिशेब आमच्याकडच्या पुरुषमंडळींना तोंडपाठ आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात काहीच डोक्यात शिरलं नाही असं कोण म्हणतो?

सद्गुण एकूण सात: श्रद्धा, आशा, प्रीती, शिवाय विवेक, न्याय, धैर्य, संयम. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात सांगून ठेवलंय की सद्गुण म्हणजे अंगी मुरलेली चांगली सवय. मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखा. तेवढा आपल्याकडे नाही. धैर्याचं बघायचं तर आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया 1597 साली नागासाकीत क्रूसावर गेले. गावाचा कोटा त्यांनी भरून ठेवलाय, आपण सणाला मिरवणुकीत चालायचं.

पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करणं, मात्र टाळू नका. पवित्र सप्ताहाआधी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या आठवड्याआधी, शेजारच्या धर्मग्रामांतले (पॅरिशमधले) फादर मदतीला येतात. आपल्या फादरांपुढे दोन म्हाताऱ्या आणि पाहुण्या फादरांपुढे थेट दारापर्यंत रांग, हे दृश्य दिसलं की लांब रांगेत उभे राहा. आत गेल्यावर सुरुवात अशी करा: ‘फादर, चार वेळा राग आला. पण तुम्ही माझ्या जावेला ओळखत नाही ना.’ मग जावेची पापं क्रमाने, तारखेसह सांगा. प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना तुम्हालाच म्हणाव्या लागतात, तेवढा एक अन्याय सोसा. मिस्सेत ‘माझा अपराध’ म्हणत छातीवर हात मारताना शेजारी ती बसली असेल तर कोपर तिला लागेल अशा बेताने मारा.

प्रार्थनेसाठी सर्वांत उत्तम जागा म्हणजे लोकल. उलटं विरारला जाऊन खिडकी पकडा, बसल्याबसल्या जपमाळ काढा आणि डोळे मिटा. नालासोपाऱ्याला कुणी आजोबा दांडीला लटकत समोर येतील, त्यांच्या पिशवीचा बंद तुमच्या गुडघ्याला घासेल, ते खोकतील. डोळे उघडायचे नाहीत. प्रार्थनेतल्या माणसाला ‘जरा उठता का’ म्हणण्याची कुणाची छाती होत नाही. जपमाळेत येशू आणि मरियेच्या जीवनातल्या एकेका प्रसंगावर प्रार्थना म्हणतात, त्या प्रसंगांना रहस्यं म्हणतात. पूर्वी पंधरा रहस्यं असायची, ती संपली की गाडी दादरच्या आसपास आणि पुढे पंचाईत. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं जोडली. आता थेट चर्चगेटपर्यंत पुरतात.

कुणी तुम्हाला फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजेचं उदाहरण देईल. पंधराव्या वर्षी मठात गेली, चोविसाव्या वर्षी 1897 मध्ये वारली, कुठे प्रवचनं नाहीत की मोठी कामं नाहीत. कपडे धुताना समोरची सिस्टर मळकं पाणी तिच्या तोंडावर उडवायची. तेरेजेला मागे सरून तोंड पुसावंसं वाटलं, म्हणजे समोरचीला कळेल. पण ती सरली नाही, पुसलंही नाही. एवढ्याशा गोष्टींवर तिने सगळं आयुष्य उभं केलं आणि 1997 मध्ये चर्चने तिला आचार्यांच्या, म्हणजे थोर धर्मशिक्षक मानलेल्या संतांच्या पंगतीत बसवलं. उदाहरण देणाऱ्याला शांतपणे सांगा की ती मठात होती. तिला सामाईक विहीर नव्हती, बांध नव्हता आणि सातबाऱ्यावर चार भावांची नावं नव्हती.

माझ्या सातबाऱ्यावर आहेत. म्हणून शेवटची सूचना अनुभवावरून देतो. मिस्सेत ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) वाटण्याआधी फादर एकमेकांना शांती द्यायला सांगतात, तेव्हा हात जोडून उजवीकडे, डावीकडे आणि मागे वळायचं असतं. पुढच्या बाकावर कोण आहे ते मिस्सेला बसण्यापूर्वीच पाहून घ्या. गेल्या रविवारी मी पाहिलं नाही. थोरला भाऊ दोन बाकं पुढे होता आणि तो हात जोडून माझ्याकडेच वळला. मी चष्मा काढून पुसायला घेतला. स्वच्छच होता, तरी दोन्ही काचा पुसल्या, मग दांड्याही पुसल्या. चष्म्याशिवाय मला एका बाकापलीकडचं दिसत नाही. पुन्हा घातला तेव्हा त्याची पाठ होती. हात अजून जोडलेले होते की नाही, ते मागून कळलं नाही.