घराआधी फिरलेले वासे

माझा मेहुणा लाकडी घरांचे सांगाडे उभे करतो. मी हिशेब तपासतो. दुसऱ्यांनी केलेल्या बेरजेत चूक काढणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे आपल्याकडून चूक होत नाही असा माझा वीसेक वर्षांत समज झाला आहे. त्या समजाच्या भरात मी एका शुक्रवारी रात्री मेहुण्याला फोनवर म्हणालो, "उद्या तुझा एक माणूस येणार नाहीये ना? मग मी येतो की."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दाजी, बूट कुठले आहेत तुमच्याकडे?"

काम तळमजल्याची जमीन टाकण्याचं होतं. काँक्रीटचा पाया झालेला, त्याच्या भिंतींवर सिल प्लेट नावाच्या लाकडी फळ्या बोल्टांनी आवळलेल्या, मधोमध एक आडवी तुळई. आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जॉइस्ट, म्हणजे जमीन पेलणारी आडवी लाकडं, टाकायचे आणि त्यांच्यावर ओएसबीचे, म्हणजे लाकडाच्या चकत्या डिंकात दाबून केलेले, तक्ते ठोकायचे. ऐकायला हे बाजेला नवार विणण्याइतकं सोपं वाटतं. अर्थात बाजही मी कधी विणलेली नाही.

जॉइस्ट म्हणजे जुन्या घरांत जाडजूड अखंड लाकूड असे. हल्लीचा जॉइस्ट कारखान्यात बनतो. वर एक फळी, खाली एक फळी आणि मधे त्याच ओएसबीची बोटापेक्षाही पातळ भिंत. वरखालच्या फळ्यांना फ्लँज म्हणायचं, मधल्या भिंतीला वेब. टोकाकडून पाहिलं तर लोखंडी गर्डरचा लाकडी धाकटा भाऊच. ट्रस जॉइस्ट नावाच्या अमेरिकन कंपनीनं १९६९ साली हा आकार लाकडात आणला. तोवर सुतार प्रत्येक लाकूड डोळ्यासमोर धरून त्याचा बाक कुठल्या बाजूला आहे ते बघत आणि बाक वर ठेवून बसवत. याला बाकच नसतो. शेवटच्या टोकापर्यंत हा सरळ म्हणजे सरळ. मेहुणा म्हणाला, "याचा एकच त्रास आहे. जमीन वाकडी झाली तर लाकडावर ढकलता येत नाही."

मला ते तेव्हा कौतुक वाटलं. ती धमकी होती हे दुपारी कळलं.

आधी मापं. या जॉइस्टची उंची ११ ७/८ इंच. मराठी माणसाचा संसार पाव, अर्धा आणि पाऊण एवढ्यावर सुखानं चालतो. ११ ७/८ म्हणजे पावणेबाराही नाही आणि बाराही नाही, त्या दोघांच्या बरोबर मधे कुणीतरी मुद्दाम उभं केलेलं माप. साडेनऊ इंची जॉइस्ट मिळतो, चौदा आणि सोळा इंचीही मिळतो. पण आमच्या नशिबी हाच होता. बाकी आकडे मात्र पाढ्यातले निघाले. टोकाला जॉइस्ट किमान पावणेदोन इंच टेकला पाहिजे, मधल्या तुळईवर साडेतीन.

दोन जॉइस्टमधलं अंतर सेंटर टू सेंटर १६ इंच. कारण तक्ता आठ फुटी, म्हणजे ९६ इंच, आणि त्याची कड जॉइस्टच्या मध्यावर यावी लागते. ९६चे सहा भाग केले की १६, चार केले की २४. पाच केले तर १९.२, आणि टेपवर दर १९.२ इंचांवर जो छोटा काळा शंकरपाळा छापलेला असतो तो यासाठी. गेली कित्येक वर्षं मी त्याला छपाईतला दोष समजत होतो.

"पहिली खूण पावणेपंधरावर," मेहुण्यानं सांगितलं. "सोळा हा मध्य. आपला फ्लँज अडीच इंच रुंद, त्याचा अर्धा सव्वा. सोळातून सव्वा वजा. साधी दीड इंची फळी असती तर सव्वापंधरा घेतले असते. पुढच्या सगळ्या खुणा त्या पहिल्या खुणेवर टेप अडकवून एकदमच घ्यायच्या. प्रत्येक वेळी मागच्या खुणेपासून सोळा मोजलेत तर प्रत्येक वेळची चूक साठत जाते." हे मला लगेच पटलं. चक्रवाढ म्हणजे काय ते मला शिकवायला नको. "आणि खुणेच्या ज्या बाजूला जॉइस्ट बसणार त्या बाजूला फुली."

इथे मी अडखळलो. शाळेत बाईंनी फुली मारली की उत्तर चूक. ऑफिसातही मी फुली मारली की समोरच्याचा चेहरा पडतो. इथे फुली म्हणजे बरोबर जागा. चाळीस वर्षांची सवय एका सकाळी मोडायची होती, पण मी मोडली. एका भिंतीवर अठरा खुणा केल्या, प्रत्येकीच्या उजव्या हाताला फुली मारली. मग पायाला वळसा घालून समोरच्या भिंतीवर गेलो, तिकडे तोंड करून उभा राहिलो आणि तिथेही अठरा खुणा केल्या. प्रत्येकीच्या उजव्या हाताला फुली.

मेहुण्यानं दोन टोकं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग मला दोन्ही खांदे धरून १८० अंशांत वळवलं.

"उजवा हात कुठे गेला, दाजी?"

उजवा हात डावीकडे गेला होता. माझ्या हिशेबानं प्रत्येक जॉइस्ट त्या टोकाला अडीच इंच सरकलेला, म्हणजे घराची अख्खी जमीन हळूच मान वळवून शेजाऱ्याकडे बघणार. माझ्या अठराही फुल्यांवर त्यानं फुल्या मारल्या. यावेळी त्यांचा अर्थ शाळेतलाच होता.

एरवी याची माणसं दोन्ही भिंतींच्या खुणा एकाच कोपऱ्यापासून, एकाच दिशेनं घेतात. खरं तर या कामातला सगळा वेग असाच जमिनीवर कमावलेला असतो. पायावर चढून मापं घेत, कापत, पुन्हा चढत बसलं तर दिवस पुरत नाही. याने खाली गठ्ठ्यातच सगळ्या जॉइस्टची टोकं एका रेषेत आणली आणि तिथेच कापायला घेतली. साध्या लाकडावर गोल करवत सपाट बसते. इथे फ्लँज बाहेर आणि वेब आत, त्यामुळे करवतीचं बूड त्या खळग्यात कलंडतं. म्हणून वेबच्या खळग्यात नेमका बसेल असा ओएसबीचा एक तुकडा त्यानं करून ठेवला होता. तो बसवला की करवत रुळावरून जावी तशी जाते. तुकडा या जॉइस्टवरून त्या जॉइस्टवर नेण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी निर्दोष केलं हे इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे नोंदवण्यासारखं फारसं नाही.

सगळ्यांची छापील अक्षरं एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे वेबमधली वायरिंगसाठी आधीच कोचून ठेवलेली दीड इंची गोल भोकं समोरासमोर येतात. वाहून नेताना जॉइस्ट उभा धरायचा. तो वजनानं हलका, फुटाला तीनएक पौंड, म्हणून मी एकदा आडवा उचलला. आडवा धरलेला चोवीस फुटी जॉइस्ट खांद्यावरच्या अजगरासारखा वागतो. पुढचं टोक खाली गेलं, मागचं वर आलं, मग उलट, आणि मी मधे त्याच्या तालावर गुडघ्यात वाकत होतो. पलीकडच्या टोकाला धरलेला पोरगा फार सभ्य होता. तो दुसरीकडे बघत होता.

दुपारपर्यंत चौदा जॉइस्ट फुल्यांवर उभे राहिले. तक्ते ठोकेपर्यंत हा प्राणी अत्यंत अस्थिर. ११ ७/८ इंच उंच आणि अडीच इंच रुंद, तो उभा का राहील? म्हणून वरून तात्पुरती पट्टी मारायची, प्रत्येक जॉइस्टला दोन खिळे, आणि पट्टीचं टोक हलणार नाही अशा कशाला तरी जखडायचं: टोकाची भिंत, नाहीतर आधी तक्ता ठोकून पक्का केलेला पहिला चार फुटांचा भाग. तोवर जॉइस्टवर चालायचं नाही, सामान ठेवायचं नाही. हे सगळं मेहुण्यानं सांगितलं होतं. पट्टीचं काम मला देऊन तो ट्रककडे गेला.

मी पट्टी मारली. दोन खिळ्यांच्या जागी एक मारला, कारण एकानंही ती छान बसत होती. चौदाही जॉइस्ट एकमेकांना जोडले. टोकाला मात्र पट्टी कशालाच जोडली नाही. माझा विचार असा होता की चौदा जण एकमेकांना धरून उभे आहेत, म्हणजे पडायला कोण उरलं?

एकी हेच बळ, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. एकी पडण्याचंही बळ देते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी पायाच्या बाहेर उभा होतो. घाम पुसला आणि शेवटच्या जॉइस्टला हात टेकला. फक्त टेकला. तो किंचित मागे झाला, सभेत कुणी पुढे आलं की माणूस होतो तसा. त्याच्यामागचा झाला. त्याच्यामागचा. मग पट्टीचे खिळे एकेक करून 'कुर्र' म्हणाले आणि चौदाही जॉइस्ट कवायतीतल्या जवानांसारखे एका तालात आडवे झाले. एकमेकांवर एकही पडला नाही. १६ इंचांवर उभे असलेले पावणेबारा इंचांहून थोडे उंच जॉइस्ट आडवे झाले की शेजाऱ्यापर्यंत पोचतच नाहीत, प्रत्येकात चार इंच जागा उरते. इतकी नीटनेटकी दुर्घटना मी पाहिलेली नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात अशी म्हण आहे. इथे घराचा पत्ता नव्हता आणि वासे फिरून मोकळे झाले होते. वासे छपराचे असतात, हे जमिनीचे, हे मला कळतं. पण मेहुणा ट्रकजवळून माझ्याकडे पाहत होता, ती वेळ म्हणी तपासून घेण्याची नव्हती.

तो आला, वाकून बघितलं, एकाही फ्लँजला चीर नाही याची खात्री केली आणि म्हणाला, "कुणी आत नव्हतं ना?" नव्हतं. मग तो हसला. तोवर मी हसलो नव्हतो.

दुसऱ्यांदा उभे केले तेव्हा पट्टीचं काम त्या सभ्य पोराकडे गेलं. मला ठोकळे कापायला बसवलं. वरच्या मजल्याच्या खांबाचं वजन खाली उतरतं तिथे जॉइस्टच्या बाजूला उभे ठोकळे लावतात, म्हणजे वजन पातळ वेबवर न येता ठोकळ्यांतून थेट खाली जातं. मी चिडून, जिद्दीनं, आठही ठोकळे ११ ७/८ इंचांचे कापले, केसाचाही फरक नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी तंतोतंत झालं होतं.

"एक सोळांश इंच जास्त पाहिजेत," मेहुणा म्हणाला. "ठोकळा जॉइस्टपेक्षा जरासा उंच असला तरच वजन आधी त्याच्यावर येईल. बरोबर असला तर काय उपयोग?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या व्यवसायात नाही.

संध्याकाळी नकाशावर बोट ठेवून त्यानं शिवी हासडली. संडासाच्या पाइपाच्या बरोबर खाली एक जॉइस्ट येत होता. मी सुचवलं की वरचा फ्लँज जरासा, अगदी अर्धा इंच, खरवडला तर? त्या पोरानं हातोडा खाली ठेवला. फ्लँजला करवत लावणं या धंद्यात देवाला पाय लावण्यासारखं असतं. जॉइस्ट वाकतो तेव्हा वरचा फ्लँज दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि हे दोघं आहेत म्हणून तो जॉइस्ट आहे. भोक पाडायचंच तर वेबला, तेही कंपनीच्या कोष्टकात बघून. मोठं भोक मध्याजवळ चालतं, टेकूजवळ नाही. मला हे उलटं वाटलं, कारण वाकतो तर मधेच. पण वाकण्याचा भार फ्लँज सोसतात, वेबवर येतो तो कातरणारा जोर, आणि तो टेकूजवळ सर्वांत जास्त असतो. शेवटी काही कापावं लागलं नाही. या जॉइस्टच्या कंपनीनं पाइप चुकवण्यासाठी तीन इंचांपर्यंत सरकवायची मुभा दिली होती, तेवढ्यात भागलं.

तक्ते बसवणं हे त्या मानानं मजेचं काम. जॉइस्टवर डिंकाची धार सोडायची, खाचेत जीभ बसवायची, आडवं लाकूड धरून घणानं पुढे सारायचं, टोकांच्या सांध्यात एक अष्टमांश इंच मोकळी जागा ठेवायची. डिंकामुळे पुढे जमीन कुरकुरत नाही. माझा डावा बूट अजूनही कुरकुरत नाही.

शेवटचा तक्ता बसायच्या आधी मेहुण्यानं कानामागची पेन्सिल काढली, माझ्या वासे-प्रकरणातल्या त्या शेवटच्या जॉइस्टजवळ वाकला आणि सिल प्लेटवर काहीतरी लिहिलं. मी जवळ जाऊन पाहिलं. 'दाजी' असं लिहून त्याला लागून एक मोठी फुली मारली होती. तेवढ्यात तक्ता बसला, खिळे ठोकले गेले.

त्या घरात आता माणसं राहतात. फुली तिथेच आहे, त्यांच्या पायाखाली. ती ऑफिसातली की सुताराची, हे मी मेहुण्याला अजून विचारलेलं नाही.